निरोप कोठें अडला?

पिंपरी-चिंचवडकडील आमच्या वाचकांच्या घरीं हल्लीं एक प्रश्न वारंवार निघतो. घरांतला मुलगा, मुलगी किंवा सूनबाई हिंजवडीस अथवा तळवड्यास एखाद्या संगणक-कचेरींत कामाला असते. रात्रींचीं जेवणें आटोपून मंडळी निजावयास निघतात, तोंच फोन वाजतो; आणि तें माणूस कोपऱ्यांतल्या मेजाशीं बसून पहांटेपर्यंत कोणा परदेशांतील यंत्राशीं झुंजत राहतें. सकाळीं वडील मंडळी विचारतात, “रात्रीं काय झालें होतें?” उत्तर मिळतें, “फाईल जात नव्हती.” एवढ्यावर संभाषण संपतें. ज्या कामासाठीं घरचें माणूस रात्र जागून काढतें, तें काम घरालाच ठाऊक नसावें, हें आम्हांस योग्य वाटत नाहीं. विषय वाटतो तितका अवघड नाहीं. शिवाय प्रत्येक एकत्र कुटुंबाच्या उपयोगाची एक गोष्ट त्यांत आहे. म्हणून या महिन्याचें टिपण आम्ही त्यास दिलें आहे.

हा प्रश्न केवळ संगणक-कचेऱ्यांपुरता आहे असेंहि नव्हे. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें, आणि त्यानंतर पुणें-मुंबई रस्त्याच्या दुतर्फा कारखाने उभे राहिले. पुढें कांद्याच्या बाजाराबद्दल प्रसिद्ध असलेल्या चाकणच्या माळावरहि मोटारींचे कारखाने आले. फोक्सवॅगनचा कारखाना तेथें २००९ सालीं सुरू झाला. अशा मोठ्या कारखान्यांच्या आधारानें भोंवतालीं सुटे भाग करणारे शेंकडों लहान कारखाने चालतात. “अमुक तारखेस अमुक भागाचे इतके नग पाठवा” हा मोठ्या घरचा निरोप पूर्वीं कागदावर येई. आतां तो बहुधा संगणकांतून फाईलच्या रूपानें येतो.

समजा, भोसरींत एका गृहस्थांचा असाच लहानसा कारखाना आहे. आठ कामगार, एक कारकून, आणि हिशेब पाहणारे वडील बंधु. मागणी १४०० नगांची होती. येथें कागदावर उतरली ती १२००. गाडी भरून गेली, आणि तिकडे दोनशें नग कमी पडले. अशा वेळीं पहिला संशय कोणावर जातो, हें सांगावयास नको. कारकून तेवढा हाताशीं असतो! या कारकुनाचें पुढें काय होतें तें आम्ही शेवटाकडे सांगूं. तोंपर्यंत वाचकांनीं त्याला दोषी धरूं नये.

आतां यंत्राकडे वळूं. बँका, विमाकंपन्या, विमानकंपन्या यांचे प्रचंड हिशेब ज्यावर चालतात, त्या मोठ्या गणकयंत्रास मेनफ्रेम म्हणतात. आय. बी. एम. कंपनीनें १९६४ सालीं सिस्टिम ३६० नांवाची यंत्रमालिका जाहीर केली. आजच्या मेनफ्रेम यंत्रांचें कूळ तिजपासून मोजतात. एवढें महागडें यंत्र एकट्यादुकट्यानें अडवून बसणें परवडणारें नव्हतें. म्हणून एकाच यंत्राचीं अनेक यंत्रें भासवावयाची युक्ति निघाली, आणि १९७२ सालीं ती व्ही. एम. ३७० या नांवानें बाजारांत आली. तिचा वंशज झेड-व्ही. एम. या नांवानें आजहि काम करीत आहे.

ही युक्ति समजावयास पुण्याच्या जुन्या वाड्यासारखा दाखला नाहीं. वाडा एक, बिऱ्हाडें पंचवीस. प्रत्येक बिऱ्हाडाला आपली चूल, आपलें कुलूप, आपला संसार. आंत बसलेल्यास वाटतें कीं हें आपलें स्वतंत्र घर. परंतु विहीर एक, चौक एक, आणि रस्त्यावर उघडणारा दिंडीदरवाजाहि एकच. या सामाईक गोष्टींवर मालकाची नजर असते. मेनफ्रेमच्या पोटांतलें प्रत्येक व्हर्च्युअल मशीन हें असें एक बिऱ्हाड आहे, आणि त्यावर देखरेख करणारी मुख्य आज्ञावली ही वाड्याची मालकीण आहे. बिऱ्हाडांतला निरोप बाहेर जावयाचा तर तो खोलीच्या दारांतून चौकांत, चौकांतून दिंडीदरवाजांत, आणि तेथून रस्त्यावर जातो. अडतो तो यांपैकीं कोठें तरी.

या यंत्रांच्या दुरुस्तीची विद्या आमच्याकडे मोठ्या अडचणीच्या प्रसंगीं वाढीस लागली, हें तरुण वाचकांस ठाऊक नसेल. परकीय भांडवलाविषयींच्या १९७३ च्या कायद्याच्या अटी आय. बी. एम. ला मान्य झाल्या नाहींत, आणि १९७८ सालीं तिनें हिंदुस्थानांतील कारभार आंवरला. यंत्रें राहिलीं, वैद्य गेले! तेव्हां १९७५ सालीं निघालेल्या सी. एम. सी. या सरकारी कंपनीनें त्या यंत्रांची निगा पत्करली. दुसऱ्यानें बांधलेलें यंत्र चिकाटीनें समजून घेऊन चालतें ठेवावयाचें, हा धडा आमच्या लोकांनीं तेव्हां गिरविला. आणि आज पुण्याकडील तरुण मंडळी सातासमुद्रांपलीकडचीं यंत्रें येथें बसून सांभाळतात. पुण्यास रात्रींचे दहा वाजतात, तेव्हां उन्हाळ्यांत न्यूयॉर्कला दुपारचे साडेबारा झालेले असतात. त्यांची भर दुपार ती आपली मध्यरात्र. रात्रींच्या फोनाचें रहस्य एवढेंच आहे.

फोन आल्यावर जाणता माणूस काय करतो? तो प्रथम कोणाची चूक हें विचारीत नाहीं. निरोप कोठपर्यंत पोंचला हें विचारतो. वाटेचे टप्पे मांडावयाचे, मधला एक धरावयाचा, आणि तेथपर्यंत गेला का हें पाहावयाचें. गेला असेल तर अर्धी वाट निर्दोष ठरली. पुढची अर्धी तपासावयाची. याप्रमाणें दर प्रश्नासरशीं शोधाची जागा अर्धी होत जाते. वैद्य नाडी पाहिल्यावांचून काढा देत नाहीं, तसा हा माणूसहि टप्पा सांपडल्यावांचून कशालाहि हात लावीत नाहीं.

पहिली तपासणी नांव-पत्त्याची. प्रत्येक यंत्राला एक अंकी पत्ता असतो. माणसांच्या सोयीसाठीं त्यास नांव दिलेलें असतें, आणि कोणत्या नांवाचा कोणता पत्ता हें सांगणारी वही निराळ्या यंत्रावर ठेवलेली असते. नांवानें हांक मारली तर उत्तर नाहीं, परंतु अंकी पत्त्यानें मारली तर ‘ओ’ येते, असें झाल्यास वाट चांगली आहे, वही बिघडली आहे, हें उघड झालें. दोन हांकांत अर्धें काम होतें.

दुसरी तपासणी वाड्याच्या आंतली. बिऱ्हाडाला दार आहे, पण तें चौकास जोडलेलें आहे काय? आणि त्या चौकांतून जाण्यायेण्याची मालकिणीची परवानगी आहे काय? झेड-व्ही. एम. मध्यें व्हर्च्युअल स्विच नांवाचा असाच एक सामाईक चौक असतो, आणि ज्यांना परवानगी दिलेली आहे त्यांनाच तो वापरतां येतो. येथें एक मौजेची गफलत होते. परवानगी तोंडीं दिलेली असते. कायमच्या वहींत नोंदलेली नसते. आठ महिने सर्व सुरळीत चालतें. मग एखाद्या रविवारीं यंत्र बंद करून पुन्हां सुरू करतात, आणि तोंडीं दिलेला हुकूम विरून जातो. सोमवारीं जो तो म्हणतो, “काल तर चालत होतें, आम्हीं कांहींहि बदललेलें नाहीं!” त्यांचें म्हणणें खरेंच असतें. दोष आठ महिन्यांपूर्वींचा; प्रकट आज झाला.

तिसरा विकार सर्वांत फसवा आहे. हांकेला उत्तर येतें, लहान फाईल बिनतक्रार जाते. मोठी मात्र सुरू होऊन मध्येंच थिजते. कारण असें कीं, फाईल अखंड जात नाहीं. तिचीं लहान लहान पाकिटें करून तीं पाठवितात. सामान्य वाटेवर एका पाकिटाची कमाल लांबी १५०० बाइट म्हणजे अक्षरांची घरें इतकी असते. मेनफ्रेमच्या आसपास सुमारें ९००० पर्यंतचीं मोठीं पाकिटेंहि वापरतात. मोठें पाकीट पुढें एखाद्या अरुंद दारापाशीं आलें, आणि त्यावर ‘फोडूं नये’ अशी खूण असली, म्हणजे दारवानानें तें टाकून “लहान पाकीट पाठवा” असा उलट निरोप धाडावयाचा, हा नियम. पण पुष्कळ ठिकाणीं सुरक्षिततेच्या अतिरेकानें असे उलट निरोपच अडवून ठेवतात. मग पाठविणाऱ्यास कांहीं कळत नाहीं. तो तेंच पाकीट पुन्हां पुन्हां पाठवीत बसतो. याची परीक्षा सोपी आहे: हांकेचें पाकीट थोडें थोडें मोठें करीत जावें. ज्या मापावर उत्तर थांबलें, तें त्या दाराचें माप.

चौथा विकार फाईल पाठविण्याच्या रीतीचा. या रीतीस एफ. टी. पी. म्हणतात, आणि तिचा पहिला मसुदा १९७१ सालीं अमेरिकेंत एम. आय. टी. या संस्थेंत अभय भूषण या हिंदी तरुणानें लिहिला. कानपूरच्या आय. आय. टी. तून १९६५ सालीं बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीचा हा विद्यार्थी. या रीतींत दोन वाटा असतात: एक बोलण्याची, दुसरी माल नेण्याची. नांव सांगितलें, खूणशब्द पटला, “या, बसा” झालें. पण फाइलींची यादी मागतांच सर्व स्तब्ध, असा अनुभव आला तर समजावें कीं बोलण्याची वाट खुली आहे, मालाची बंद आहे. जुन्या प्रघाताप्रमाणें मालाची वाट समोरचें यंत्र आपल्याकडे उघडतें. आणि आपल्या दारावरचा पहारेकरी अनोळखी समजून त्यास परत लावतो. यावर उपाय असा कीं दोन्ही वाटा आपणच आंतून बाहेर उघडाव्या. तशी सोय त्या रीतींत आहे, आणि समोरच्या पहाऱ्यानें हरकत न घेतल्यास बहुतेक वेळां तेवढ्यानें गाडें चालूं लागतें.

येथपर्यंतचे विकार उघड तरी होते. फाईल गेली नाहीं हें दिसत होतें. खरें भय पुढें आहे. फाईल जाते, यंत्र ‘काम पूर्ण’ म्हणतें, सर्वजण निजावयास जातात. आणि पोंचलेली वस्तु पाठविलेली नसते.

याचें मूळ लिपींत आहे. यंत्राला अक्षर ठाऊक नाहीं, अंक ठाऊक आहे. कोणत्या अक्षरास कोणता अंक द्यावयाचा हें माणसानें ठरविलें. घरोघरच्या संगणकांत अॅस्की नांवाची कोष्टकपरंपरा चालते. तींत इंग्रजी ‘ए’ या मोठ्या अक्षराचा अंक ६५. मेनफ्रेमवर एब्सिडिक नांवाची निराळी परंपरा. तींत त्याच अक्षराचा अंक १९३. एब्सिडिकमध्यें पुन्हां पोटभेद आहेत; ३७ व १०४७ या क्रमांकांच्या दोन कोष्टकांत चौकटी कंसांच्या जागाच जुळत नाहींत. म्हणून मेनफ्रेमवरून फाईल आणतांना सांगावें लागतें: हा मजकूर आहे, लिप्यंतर करून द्या, किंवा ही जशीच्या तशी द्या, हात लावूं नका. मजकूर जसाच्या तसा आणला तर चक्क अगम्य दिसतो, आणि चूक तत्काळ कळते. उलट, ज्यास हात लावूं नये त्याचें लिप्यंतर झालें, तर मात्र अनर्थ होतो.

आतां भोसरीच्या कारकुनाकडे परत जाऊं. मेनफ्रेमवर रकमा पुष्कळदां अक्षरांनीं न लिहितां जागा वांचविण्यासाठीं दोन दोन अंक एका घरांत कोंबून ठेवतात. १४०० ही संख्या तीन घरांत बसते: पहिल्या घरांत ०१, दुसऱ्या घरांत ४०, आणि तिसऱ्या घरांत ० व त्यापुढें धन-ऋणाची खूण. आतां योगायोग पाहा. मेनफ्रेमच्या लिपींत दोन शब्दांमधल्या रिकाम्या जागेची खूण नेमकी हीच, म्हणजे ‘४०’ असलेलें घर. आणि अॅस्कींत त्याच रिकाम्या जागेची खूण म्हणजे ‘२०’ असलेलें घर. लिप्यंतर करणाऱ्या यंत्रास तेथें संख्या आहे हें कोणीं सांगितलें नव्हतें. त्यानें रिकामी जागा समजून इमानानें ४० चे २० केले. पहिलें व तिसरें घर त्या कोष्टकाप्रमाणें जसेंच्या तसें राहतें. परिणाम असा कीं १४०० चे १२०० झाले. फाईल तेवढीच लांब, ओळी तितक्याच, कोठें डाग नाहीं, कोठें खाडाखोड नाहीं. वाचकहो, अशा वेळीं कारकुनानें काय करावें? त्यानें समोर आलेला आंकडा अचूक उतरविला होता. त्यास घरीं पाठविलें असतें, तर एका निरपराध संसाराचें नुकसान होऊन चूक मात्र जागच्या जागीं राहिली असती, आणि पुढच्या महिन्यांत दुसऱ्या कोणाच्या गळ्यांत पडली असती.

याला उपाय दोन, आणि दोन्ही जुनेच आहेत. पाठविणाऱ्यानें रकमा आधीं साध्या अक्षरांत उतरवून मगच फाईल धाडावी, हा पहिला. दुसरा आमच्या वडिलांच्या खतावणींतला: शेवटीं बेरीज लिहावी, आणि घेणाऱ्यानें ती स्वतः करून ताळा पाहावा. एकंदर ओळी किती व एकंदर नग किती हें साध्या अक्षरांत शेवटच्या ओळींत असतें, तर दोनशेंची तफावत गाडी भरण्यापूर्वींच उघडी पडली असती.

असाच एक जुना वारसा ऐंशीच्या आंकड्याचा. १९२८ सालीं आय. बी. एम. नें भोंकें पाडलेलें ऐंशी रकान्यांचें कार्ड काढलें. तीं कार्डें केव्हांच गेलीं. परंतु मेनफ्रेमवर कित्येक फाइलींची ओळ अद्यापि ऐंशी घरांचीच असते, आणि व्हर्च्युअल मशीनला आजहि कार्ड वाचणारें व कार्डास भोंकें पाडणारें काल्पनिक यंत्र जोडलेलें असतें. शेजारच्या बिऱ्हाडानें धाडलेली फाईल याच काल्पनिक कार्डवाचकांत येऊन पडते. आपल्याकडील ओळ शंभर अक्षरांची असली आणि तिकडे घर ऐंशींचें असलें, तर उरलेलीं वीस अक्षरें बहुधा कापलीं जातात. उलट, अशी फाईल ‘जशीच्या तशी’ धाडतांना ओळ किती घरांची हें सांगितलें नाहीं, तर ओळींच्या सीमाच हरवतात. कारण तेथें ओळीच्या अंतीं खूण नसते, लांबी हीच खूण असते.

मोटारीच्या धंद्यांत हीं दुःखें युरोपांतील कारखानदारांनीं फार पूर्वीं भोगलीं. म्हणून ओडेट नांवाच्या त्यांच्या संघटनेनें १९८६ सालीं फाईल पाठविण्याची स्वतंत्र रीति ठरविली. २००७ सालीं तिची नवी आवृत्ति प्रसिद्ध झाली. तींत फाईलचा प्रकार आधींच सांगावा लागतो: ठराविक लांबीच्या ओळींची, कमीअधिक लांबीच्या ओळींची, बिनओळींची, कीं साधा मजकूर. मध्येंच वाट तुटली तर जेथें तुटली तेथून पुढें पाठवितां येतें. आणि सर्वांत महत्त्वाचें असें कीं, फाईल वाटेंतल्या हमालानें घेतली एवढ्यावर समाधान न मानतां, ज्याच्यासाठीं ती निघाली त्याच्या स्वतःच्या ठिकाणाहून पोंच परत येते. पूर्वीं आमच्याकडे मनीऑर्डरीची सहीची पोंच घरीं येई, आणि ती येईपर्यंत आजोबा रक्कम पोंचली असें म्हणत नसत. त्यांतला शहाणपणा तो हाच. पाठविलें म्हणजे पोंचलें नव्हे, आणि पोंचलें म्हणजे समजलें नव्हे. पोंच पहिली शंका फेडते. दुसरीसाठीं ताळाच पाहावा लागतो.

आतां घराविषयीं दोन शब्द. एकत्र कुटुंब हाहि एक वाडाच आहे. थोरल्या काकांनीं सांगितलेला निरोप स्वयंपाकघरांत पोंचेपर्यंत किती दारांतून जातो! तो हरवला कीं आपण प्रथम माणूस धरतों. आणि बहुधा तें माणूस घरांतलें सर्वांत धाकटें, किंवा नुकतीच आलेली सूनबाई असते. भोसरीचा कारकून आणि घरची धाकटी सून यांच्या वांट्यास येणारा अन्याय एकाच जातीचा आहे. तेथेंहि विचारावें: निरोप कोठपर्यंत गेला? शेवटचें सुरळीत केव्हां चाललें होतें, आणि त्यानंतर काय बदललें? पोंच मिळाली होती काय? या तीन प्रश्नांनीं पुष्कळ भांडणें सुरू होण्यापूर्वींच मिटतील.

आणि घरचें माणूस रात्रभर जागून सकाळीं “फाईल जात नव्हती” असें म्हणेल, तेव्हां त्यास उशिरां उठल्याबद्दल बोल लावूं नये. चहा पुढें ठेवून एवढेंच विचारावें: “मग कोठें अडली होती?” आपल्या कामाचा प्रश्न कोणी नेमका विचारला, याचा आनंद त्याच्या तोंडावर दिसेल, आणि उत्तर ऐकून घरालाहि कांहीं नवें कळेल.